हिरवा माणूस लुकलुकू लागला, आता काय करायचे?

रस्ता ओलांडण्याविषयी वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न सतत येतो. विचारणाऱ्यांत साठीच्या पुढची मंडळी जास्त असतात. ‘हिरवा माणूस दिसला म्हणून निघालो. निम्मा रस्ता झाला आणि तो लुकलुकायला लागला. पुढे जायचे की मागे फिरायचे?’

पुढे जायचे. लुकलुकणारा हिरवा माणूस हा अजून फुटपाथवर उभ्या असलेल्यांना दिलेला इशारा आहे: आता निघू नका. जे निघाले आहेत त्यांना तो एवढेच सांगतो की वेळ संपत आली आहे, रेंगाळू नका. मागे फिरण्यात दुहेरी धोका आहे. जेवढे अंतर चाललात तेवढेच पुन्हा चालावे लागते, आणि तुम्ही पुढे सरकणार असे धरून असलेल्या चालकाला तुमचा अंदाज येत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसांचे जीव गेले. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते, म्हणजे जवळपास दर पाचवा. हे सगळे अपघात सिग्नलवर झालेले नाहीत. पण वाहत्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याला स्वतःची अशी वेळ फक्त सिग्नलवरच मिळते, आणि तिचा हिशेब आपल्याला कोणी शिकवलेला नसतो. वाहन चालवायचे तर परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. चालणाऱ्याने सगळे बघून बघून शिकायचे, अशी आपल्याकडे रीत आहे.

दिवे काय सांगतात

- स्थिर हिरवा, चालणारा माणूस: आता निघू शकता. ही निघण्याची परवानगी आहे, रस्ता रिकामा असल्याची हमी नाही. पाऊल टाकण्याआधी उजवीकडे बघायचेच.
- लुकलुकणारा हिरवा: निघाला असाल तर पार करा, निघाला नसाल तर थांबा. १९६८ च्या व्हिएन्ना करारातही याचा अर्थ ओलांडण्याची वेळ संपत आली आणि लाल लागणार, असाच आहे.
- लाल, उभा माणूस: निघायचे नाही. रस्त्यात असताना लाल लागला आणि रुंद दुभाजक जवळ असेल, तर तिथे थांबा. नसेल तर सरळ पुढे जाऊन रस्ता पूर्ण करा.
- पादचारी दिवा बंद, वाहनांचा पिवळा लुकलुकतोय: रात्री उशिरा अनेक चौकांत असे असते. वाहनांना ‘जपून जा’ एवढीच सूचना आहे, थांबण्याची नाही. या वेळी तो चौक बिनसिग्नलचाच समजा.
- वाहतूक पोलीस उभा आहे: दिवा काहीही दाखवो, त्याचा हात मानायचा.

आपल्याकडे सगळ्या सिग्नलवर लुकलुकण्याचा टप्पा नसतो. काही ठिकाणी हिरव्याचा एकदम लाल होतो. रोजच्या रस्त्यावरचा सिग्नल यांपैकी कोणता, हे एकदा फुटपाथवर उभे राहून एक-दोन फेऱ्या बघितल्या की कळते. मुंबईत दादर भागात २०२० पासून काही सिग्नलवर माणसाऐवजी झगा घातलेली स्त्री दिसते. तिचा अर्थ वेगळा नाही. 

टायमरचे आकडे: आधी ते कोणाचे ते बघा

चौकात दोन प्रकारचे टायमर असतात. एक वाहनचालकांसाठी असतो, वाहनांच्या दिव्याशेजारी. दुसरा पादचारी दिव्याच्या खोक्यात किंवा त्याला लागून. घोटाळा होतो तो वाहनांच्या टायमरवर भरवसा ठेवल्याने. ‘गाड्यांना अजून ४० सेकंद लाल आहे, म्हणजे मला ४० सेकंद मिळाले’ हा हिशेब चुकीचा आहे. त्या ४० सेकंदांत दुसऱ्या बाजूच्या गाड्या सुटतात आणि वळून तुमच्याच रस्त्यावर येतात.

पादचारी टायमरवर हिरव्या माणसासोबतचा आकडा म्हणजे उरलेली वेळ. लाल माणसासोबतचा आकडा म्हणजे थांबण्याची वेळ.

मुंबई-पुण्यात काही चौकांत गर्दी बघून वेळ बदलणारे सिग्नल आले आहेत. तिथे कालचे सेकंद आज तसेच असतील असे नाही. पाठ केलेल्या आकड्यावर न जाता समोर दिसणारा आकडा बघा.

समोरच्या गाड्या थांबल्या म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नाही

हा भाग सावकाश वाचा. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

तुम्ही चौकाच्या एका रस्त्याच्या तोंडाशी उभे आहात असे समजा. त्या रस्त्याचे दोन भाग असतात. एका भागातून गाड्या चौकाकडे येतात, दुसऱ्या भागातून चौकातून बाहेर पडतात. वाहनांचा लाल दिवा थांबवतो तो फक्त पहिल्या भागाला. बाहेर पडणाऱ्या भागात समोरून सरळ येणारे, उजवीकडे वळणारे, डावीकडे वळणारे असे बाकीच्या तिन्ही रस्त्यांवरचे लोक आपापल्या वेळी येत राहतात.

आपल्याकडच्या पुष्कळ चौकांत एकेका रस्त्याचा सिग्नल आळीपाळीने सुटतो. अशा चौकात वेगळा पादचारी सिग्नल नसेल, तर दोन्ही भाग एकाच वेळी रिकामे असण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. चौकाकडे येणारा भाग सुरक्षित असतो तो त्या रस्त्याला लाल असताना. बाहेर पडणारा भाग सर्वात मोकळा असतो तो त्याच रस्त्याचा सिग्नल सुटलेला असताना, कारण तेव्हा बाकीचे तिन्ही रस्ते थांबलेले असतात. म्हणून अशा ठिकाणी रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा:

१. चौकाकडे येणाऱ्या भागाला लाल लागला की दुभाजकापर्यंत जा.
२. दुभाजकावर थांबा. पुढच्या भागात वळून येणाऱ्या गाड्या संपू द्या.
३. पुढचा भाग मोकळा झाला की डावीकडे बघून उरलेला रस्ता पार करा.

उलट बाजूने निघत असाल तर क्रम उलटा होईल. नजरेचा नियम मात्र बदलत नाही: पहिल्या अर्ध्यात उजवीकडे, दुसऱ्या अर्ध्यात डावीकडे. दुभाजकावर थांबण्याची लाज वाटू देऊ नका. सोबतचे लोक पळत पुढे गेले म्हणून आपणही पळायचे, यात घात आहे.

पादचारी सिग्नल असलेल्या चौकातही काही गोष्टींवर नजर हवीच:

- फ्री लेफ्ट. डावीकडे वळणाऱ्या चालकाची नजर उजवीकडून येणाऱ्या गाड्यांवर असते. तुम्ही त्याच्या डाव्या अंगाला असता, म्हणजे नेमके जिथे तो बघत नाही तिथे. पादचारी दिवा हिरवा असला तरी वळणाऱ्या गाडीचे चाक थांबल्याशिवाय तिच्यापुढून जाऊ नका.
- सिग्नल सुटण्याआधीच निघणारे. वाहनांच्या टायमरवर तीन-चार सेकंद उरले की दुचाक्या सरकू लागतात. त्या वेळी तुम्ही झेब्र्यावर नसावे.
- बसआड दुचाकी. थांबलेल्या बस किंवा ट्रकच्या पुढून जाताना त्याच्या कडेशी क्षणभर थांबून डोकावा. मधल्या फटीतून दुचाकी येते.
- राँग साइड. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघा.
- इलेक्ट्रिक बस आणि स्कूटर. कानावर विसंबू नका, यांचा आवाज येत नाही. पिंपरी-चिंचवडच्या काही बीआरटी मार्गांवर थांबे रस्त्याच्या मध्ये आहेत. तिथे बसची मार्गिका ओलांडताना हे विशेष जपा.

खांबावरचे बटण

शाळा, रुग्णालये, बाजार यांच्याजवळ, चौक नसलेल्या जागी, काही ठिकाणी बटणाचे सिग्नल असतात. वाहतूक विभाग त्यांना पेलिकन सिग्नल म्हणतो. बटण एकदा दाबले की तुमची मागणी नोंदली जाते. दिवा लगेच बदलत नाही, कारण वाहनांना ठरलेला किमान वेळ मिळावा लागतो. पुन्हा पुन्हा दाबून हिरवा लवकर येत नाही. तुमच्या आधी कोणी उभे असले तरी त्यांनी दाबले आहे असे गृहीत धरू नका, स्वतः दाबा. बरीच मंडळी नुसती दिव्याकडे बघत उभी राहतात आणि शेवटी कंटाळून गाड्यांमधून वाट काढतात. पूर्ण फेरी होऊनही दिवा बदलला नाही, तर बटण बंद आहे असे समजा आणि तक्रार करा. ती कुठे करायची ते शेवटी दिले आहे.

तुमचा वेग आणि रस्त्याची रुंदी

सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. धडधाकट माणसाला हा वेग सहज जमतो. गुडघेदुखी असलेल्या आजींना, पोटुशी बाईला, कडेवर मूल आणि हातात पिशवी असलेल्या आईला तो जमेलच असे नाही.

हिशेब करून बघा. रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटरची. दोन्ही बाजूंना तीन-तीन मार्गिका आणि मध्ये दुभाजक म्हणजे जवळपास २३ मीटर. सेकंदाला १.२ मीटर या वेगाने १९ सेकंद लागतील. तोच वेग ०.८ मीटर असेल तर २९ सेकंद. म्हणजे नियमानुसार बसवलेला सिग्नलसुद्धा काही माणसांना दहा सेकंद कमी पडू शकतो. दोष त्यांच्या चालण्याचा नाही.

घरच्या ज्येष्ठांसाठी एक काम करा. सकाळी रस्ता शांत असताना, हिरवा असतानाच, त्यांच्यासोबत नेहमीचा रस्ता त्यांच्या चालीने ओलांडा आणि सेकंद मोजा. त्यात पाच सेकंद मिळवा. हा त्यांचा आकडा. पादचारी टायमरवर याहून कमी उरले असतील, तर माणूस हिरवा असला तरी निघायचे नाही, पुढच्या फेरीची वाट बघायची. सिग्नलची पूर्ण वेळच या आकड्याहून कमी असेल, तर रस्ता दोन टप्प्यांत ओलांडायचा किंवा वेळ वाढवून मागायची. टायमर नसेल तर आणखी सोपा नियम: आपण आलो तेव्हा हिरवा आधीच लागलेला असेल, तर तो सोडून द्या. पुढचा हिरवा लागताना बघा आणि मगच निघा.

सिग्नल नाही, नुसते पट्टे आहेत

मोटर वाहने (चालन) विनियम, २०१७ प्रमाणे सिग्नल नसलेल्या झेब्र्याजवळ चालकाने वेग कमी करायचा, थांबायचे आणि पायी चालणाऱ्याला व व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला वाट द्यायची. पुढे कोंडी असेल आणि झेब्र्यावरच अडकावे लागेल, तर त्याने पट्ट्यांवर गाडी घालायचीच नाही. सिग्नल असलेल्या ठिकाणी थांबरेषेच्या अलीकडे थांबायचे. फुटपाथवर वाहन चालवायला मनाई आहे. हे सगळे कायद्यात लिहिलेले आहे, चालकाच्या मेहेरबानीवर सोडलेले नाही.

रस्त्यावर त्याची किती अंमलबजावणी होते ते तुम्ही बघताच. त्यामुळे हक्क तुमचा असला तरी गाडी थांबेपर्यंत तो वापरू नका. पट्ट्यांच्या तोंडाशी, दिसेल असे उभे राहा. हात पुढे करा. चालकाच्या डोळ्यांत बघा. पहिल्या मार्गिकेतली गाडी थांबली तरी तिच्या पलीकडची थांबली आहे का, हे वेगळे बघायचे.

लहान मुले आणि दृष्टिहीन व्यक्ती

लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर नीट जोखता येत नाही. त्यांना ‘बघून जा’ एवढे सांगून भागत नाही. हात धरा, मुलाला गाड्यांच्या विरुद्ध बाजूला घ्या, आणि दुभाजकानंतर बाजू बदला, कारण तिथून गाड्या दुसरीकडून येतात.

दृष्टिहीन व्यक्ती सिग्नलपाशी उभी दिसली तर आधी विचारा, ‘मदत हवी का?’ हो म्हटल्यावर तुमचा दंड त्यांना धरू द्या, तुम्ही त्यांना ओढू नका. हिरवा लागला, दुभाजक आला, पायरी आहे, हे तोंडाने सांगत चला. सिग्नलवर आवाजाची सोय हवी, हे आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातच म्हटले होते. इतक्या वर्षांनंतरही असे सिग्नल मोजकेच आढळतात. हे मला अक्षम्य वाटते. सिंगापूरमध्ये २००९ पासून ज्येष्ठ आणि अपंग व्यक्ती खांबावर आपले कार्ड टेकवून हिरव्याची वेळ वाढवून घेऊ शकतात. तंत्र अवघड नाही, आपण ते मागायला हवे.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी

- अमेरिका: गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून आधी डावीकडे बघा. निघण्याची खूण पांढरा माणूस, थांबण्याची नारिंगी पंजा. पंजा लुकलुकत असेल आणि शेजारी आकडे उतरत असतील, तर निघायचे नाही. लाल असतानाही थांबून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी गाड्यांना परवानगी असते, त्यामुळे कोपऱ्यावर जपा.
- ब्रिटन: वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. काही सिग्नलवर माणसाचे चित्र पलीकडे नसून तुमच्याच बाजूला, बटणाच्या पेटीवर असते. एकदा निघालात की ते मागे राहते. तिथे घाबरायचे कारण नाही. रस्त्यात कोणी आहे का हे यंत्र टिपते आणि गाड्यांना तोवर थांबवून ठेवते.
- जर्मनी: सहसा लुकलुकणे नसते, मध्येच लाल लागतो. पार करण्यापुरती वेळ त्यात धरलेली असते, चालत राहा. लाल असताना निघालात तर मात्र दंड होतो.
- दुबई: ठरलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडला तर ४०० दिरहमचा दंड आहे. मोठ्या, वेगवान रस्त्यांवर नियम याहून कडक आहेत.

अपघात झालाच तर

आधी ११२ किंवा १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३.

- उपचार: मे २०२५ पासून लागू असलेल्या केंद्राच्या योजनेत मोटर वाहनाच्या अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. पायी चालणारेही त्यात येतात. रुग्णालयाने पैसे मागितले तर या योजनेचे नाव घेऊन विचारा.
- मदत करणारे: मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे त्यांना संरक्षण आहे. त्यांच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.
- चूक सिद्ध न करता भरपाई: कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात.
- जास्त भरपाई हवी असेल तर: कलम १६६ खाली मोटर अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तिच्या आत अर्ज करा. इथे पादचारी दिवा कोणता होता हा प्रश्न येतो. लाल असताना ओलांडत होतात असे ठरले, तर रक्कम कमी होऊ शकते. म्हणून साक्षीदारांची नावे त्यांच्या संमतीने लिहून घ्या, आणि चौकातल्या कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवावे असा लेखी अर्ज पोलिसांना लगेच द्या. जुने चित्रण पुसले जाते.
- गाडी पळून गेली तर: मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार. अर्ज अपघात जिथे झाला त्या भागातील प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे.

वेळ कमी पडते? मागता येते

सिग्नलची वेळ माणसे ठरवतात आणि माणसे ती बदलू शकतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यांचा फुटपाथवरचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. अर्जात त्याचा उल्लेख करा, पण भर मोजमापावर ठेवा.

दिवा बंद, बटण बिघडलेले, पट्टे पुसलेले असतील तर शहरात महापालिकेकडे तक्रार करायची. मुंबईत त्यासाठी १९१६ हा क्रमांक आहे. हिरव्याची वेळ वाढवायची असेल, तर वाहतूक पोलिसांच्या शाखेकडे लेखी अर्ज करा आणि त्याची प्रत महापालिकेला द्या. अर्जात एवढे असू द्या:

- चौकाचे नाव आणि कोणता रस्ता ओलांडायचा आहे
- रस्त्याची अंदाजे रुंदी
- सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोजलेले पादचारी हिरव्याचे सेकंद
- त्या वेळेत कोणाला पलीकडे पोहोचता आले नाही
- जवळ शाळा, दवाखाना, मंदिर, बाजार, ज्येष्ठांचा कट्टा काय आहे

सोसायटी, शाळेचे पालक, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्या सह्या घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा, दहा रुपये शुल्काचा अर्ज टाका: या चौकातल्या सिग्नलची एकूण फेरी किती सेकंदांची, त्यात पादचाऱ्यांना किती, ही वेळ कोणत्या तारखेला ठरवली आणि त्या वेळी चालण्याचा वेग किती धरला. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. वेळ वाढवून मिळाली, तर त्याच तीन वेळांना पुन्हा मोजा आणि नवे सेकंद अर्जाच्या प्रतीवर तारखेसह लिहून ठेवा.